अकोल्याचा भाव

"कोन्या गावच्या?" पुंजारामशेटनं लुगड्याची घडी अर्धीच उलगडत विचारलं.

"बडनेऱ्याच्या," पंचफुलाआत्या म्हणाली.

"बडनेऱ्यात कुठच्या?"

"लुगडं तितं नेऊन देता का घरपोच?"

गादीवरचे दोघं-तिघं हसले. शेटही हसला, पण घडी तिथंच थांबली. अकोल्याच्या कापडबाजारात ही रीतच होती. गिऱ्हाईकानं भाव विचारला की शेट गाव विचारी, मग गावातली वस्ती, मग घरधन्याचं नाव. एवढं झालं की तो तक्क्याला जरा रेलायचा आणि आकडा सांगायचा.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, सदऱ्याचं कापड चाचपत असल्यासारखा, देवमन उभा होता. आत्याशी आपली ओळख नाही असं त्यानं दाखवायचं ठरलं होतं. कान मात्र सगळे तिकडं लागलेले. आत्यानं नाइलाजानं वस्ती सांगितली, नवऱ्याचं नाव सांगितलं. शेट रेलला.

"अठरा रुपये."

"अठरा! आमच्या अमरावतीत भाव लुगड्यावर लिहिलेला असते, बाप्पा. माणसाचं तोंड पाहून नाही सांगत."

"मंग अमरावतीलेच घ्या ना, बाई. इतक्या उन्हात अकोल्याले काहून आल्या?"

ह्या प्रश्नाचं उत्तर देवमननं तिला पढवलेलं नव्हतं. मग "उन्ह खायाले आली," म्हणून तिनं वट्ट्यावरच्या चपला पायात घातल्या.

देवमननं मनात आकडा टाचून ठेवला. त्याच दुकानात, त्याच गिरणीचं, काठावर तोच शिक्का असलेलं हेच लुगडं. पहिल्या खेपेला त्यानं स्वतःचं नाव, बापाचं नाव, वस्ती, सगळं सरळ सांगितलं होतं, तेव्हा अठरा. दुसऱ्या खेपेला गर्दीत शेटनं त्याला ओळखलं नाही, आणि नुसतं "अमरावतीचा, कॉलेजात होतो" म्हणून तो इंग्रजी वर्तमानपत्र काखेत धरून बसला, तेव्हा सोळा. आज आत्याला पुन्हा अठरा. लुगडं तेच, दिवस जवळजवळ तेच, शेटही तोच. प्रयोगशाळेत असं झालं असतं तर त्यानं आधी उपकरण तपासलं असतं. इथं उपकरण कोणतं, हेच त्याला कळेना.

तो निघणारच होता, एवढ्यात दर्यापूरकडची मंडळी बस्त्याला आली. लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं म्हणजे बस्ता, आणि बस्त्याला आलेलं माणूस म्हणजे शेटच्या दृष्टीनं पाव्हणा. चार पुरुष, दोन बाया. पुढं पांढऱ्या फेट्यातले किसनराव, मुलीचे बाप. त्यांना गाव कोणी विचारलं नाही. शेटच उठून उभा राहिला, चहा सांगितला, बायांना आत पंख्याखाली बसवलं. मग तेच लुगडं पुढं आलं, ह्या वेळी पूर्ण उलगडून.

"साडेचौदा," शेट म्हणाला. "तुमच्यासाठी. पोरीचं लग्न हाये. आन किसनराव, व्याह्याचा फेटा माह्याकडून."

किसनरावांनी आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं की नाही म्हणून. त्यांची बायको रुख्मिणी फक्त लुगड्याचा काठ बोटांत धरून बसली होती.

देवमन हलला नाही. धोतरजोडी बारा रुपये, सदऱ्याचं कापड पावणेदोन रुपये वार, एकेक आकडा तो ऐकत गेला. मंडळी मात्र काही न घेताच उठली. "अमरावतीले तो बोर्ड लागला म्हणते, थो पाहून येतो," किसनराव म्हणाले. शेटनं हात जोडून हसत निरोप दिला, पण ते गेल्यावर घड्या घालताना त्यानं लुगडं जरा जोरात आपटलं.

तो बोर्ड देवमनचा होता.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आत्या खिडकीशी बसून फुटाणे खात होती आणि देवमनला बसवत नव्हतं. तो दारापर्यंत जाई, परत येई.

"बस ना बाबू. उभं राह्यल्यानं गाडी लवकर पोचते का?"

"आत्या, साडेचौदा, सोळा आन अठरा. यातला खरा कोणता?"

"मले सांगतला थो माह्यासाठी खरा."

त्याला हे उत्तर नको होतं. खुशालभाऊंनाही चालणार नव्हतं.

खुशालभाऊंनी अमरावतीत वर्षापूर्वी 'एकभाव वस्त्रभांडार' काढलं होतं. मोठं, दोन दरवाज्यांचं दुकान. गिरणीतून गाठीच्या गाठी थेट आणायच्या, नफा थोडा ठेवायचा, आणि प्रत्येक कापडाला भावाची चिठ्ठी टाचायची. घासाघीस नाही. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, पण बाजार अजून आण्यात बोलायचा आणि वारात मोजायचा. चिठ्ठीवर मीटर आणि नवे पैसे लिहायला हिशेबाचं माणूस पाहिजे, म्हणून नुकत्याच बी. एस्सी. झालेल्या देवमनला त्यांनी ठेवून घेतलं होतं. लग्नसराई संपेपर्यंत तात्पुरतं.

दर्यापूर दोन्ही शहरांच्या मध्ये. तिकडची मंडळी बस्त्याला अकोल्याला जात. ती अमरावतीकडे कशी वळवायची, ह्यावर देवमननंच तोडगा काढला होता. दोन भांडी एकमेकांना चिकटवून ठेवली की त्यांतलं पाणी सारखंच गरम होतं. दोन दुकानं दूर असली तरी नुसत्या शब्दानं ती चिकटवता येतील, असं त्याला वाटलं. म्हणून 'एकच भाव, घासाघीस नाही' ह्या ओळीखाली त्यानं स्वतःच्या हातानं दुसरी ओळ लिहिली: 'हाच माल अकोल्यात स्वस्त मिळाल्यास तोच भाव येथे.' खुशालभाऊ बराच वेळ बोर्डाखाली उभे होते. "आयडिया तुही," ते शेवटी म्हणाले होते. "चालली तर तू पक्का. बुडवलं तर बोर्ड आन तू, दोघंही खाली."

मे महिन्यात देवमनचे वडील जानराव रेल्वेतून रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचं, भाड्याची खोली पाहायची. पक्क्या नोकरीचं घरी कोणी विचारत नव्हतं, म्हणूनच तो प्रश्न रोज ऐकू यायचा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो हजर झाला. खुशालभाऊ उदबत्ती फिरवत होते.

"काय म्हणते अकोला?"

"भाऊ, अकोल्यात एक भाव नाही."

"मले एक सांग. आपली चिठ्ठी साडेपंधराची हाये. अकोला त्याच्या वर असन तर आपन सुखी. मागच्या खेपेले सोळाच म्हणला होतास ना?"

"सोळा होता. पण…"

"मंग सोळा. झालं." त्यांनी उदबत्ती खोचली. "पण-बिण गिऱ्हाईक नसलं तवा बोलू."

देवमन चिठ्ठ्या टाचायला बसला, पण टाचणी दोनदा बोटात गेली. तिन्ही आकड्यांची सरासरी सोळाच्या थोडी वरच येत होती, हे त्यानं गाडीतच काढून पाहिलं होतं. पण सरासरीच्या भावात अकोल्यात कोणी लुगडं विकलं नव्हतं आणि कोणी घेतलंही नव्हतं. मग तो आकडा कशाचा?

दहाच्या सुमारास आत्या आली. काल अकोल्यात लुगडं झालं नाही, ते आज इथून घ्यायचं होतं. ती चिठ्ठ्या वाचता येत नसल्या तरी एकेक उलटून पाहत बसली. आणि तिच्या मागोमाग दर्यापूरची मोटार लागली असावी, कारण दारातून पांढरा फेटा आत आला.

किसनराव बसले नाहीत. बोर्डाकडं बोट दाखवून म्हणाले, "हे लिहिलं थे खरं का?"

"अक्षर अन् अक्षर," खुशालभाऊ म्हणाले.

"मंग हे लुगडं साडेचौदाले काढा. अकोल्याले पुंजारामशेटनं तेवढ्यालेच सांगतलं."

खुशालभाऊंचं हसू जागेवर राहिलं, पण डोळे चिठ्ठीकडं गेले. "पावती हाये का?"

"घेतलंच नाही तर पावती कोठून येईन? माह्या शब्दावर इस्वास नाही का?"

"इस्वास हाये ना जी. पण आमचा माणूस अकोल्याचे भाव पाहूनच येते. बी. एस्सी. हाये." ते वळले. "देवमन, सांग बरं यायले. अकोल्याचा भाव काय?"

सगळं दुकान त्याच्याकडं पाहू लागलं. सोळा म्हणणं सोपं होतं. सोळा खोटंही नव्हतं, त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं. सोळा म्हटलं की दर्यापूरची मंडळी खोटी पडत होती आणि तो पक्का होत होता. साडेचौदा म्हटलं की बोर्ड खाली.

"कोणासाठी?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"यायच्यासाठी साडेचौदा. मी काल तथीच होतो, ऐकलं." मग थांबता येईना. "मी नाव नाही सांगतलं तवा सोळा. नाव-वस्ती सांगतली तवा अठरा."

खुशालभाऊंना अठराचं ठाऊक नव्हतं. देवमननं तो आकडा त्यांना कधी सांगितलाच नव्हता. सांगताना लाज आपल्याला का वाटावी, हे त्याला समजलं नव्हतं, पण वाटली होती खरी.

किसनरावांनी फेटा सारखा केला.

"मलेही अठराच," लुगड्यांच्या थप्पीमागून आत्या म्हणाली. "आन खुशालभाऊ, यायले साडेचौदाले देत असान तर मलेही साडेचौदाच लावा. वर एकच भाव लिहून हाये म्हणते हा पोरगा."

"ह्या कोन?" किसनरावांनी विचारलं.

"गिऱ्हाईक," खुशालभाऊ त्रासून म्हणाले. त्यांनी गल्ल्यावर हात टेकले. "गाडीभाडं धरून मलेच हे साडेचौदाले पडते. यायले दिलं तर तुमाले द्या लागन, तुमाले दिलं तर साऱ्या अमरावतीले. तेवढ्यात मी काय वारा खाऊ?"

"मंग बोर्ड काहून लावला?" किसनराव म्हणाले. "चाल वो, अकोल्याची मोटार पाहू."

रुख्मिणी उठली नाही. ती इतका वेळ बोललीच नव्हती. आता तिनं देवमनला बोलावलं.

"ए पोरा. तू काल तथी होता म्हणतं. मंग धोतराचा भावही ऐकला असशील."

"हो जी. बारा रुपये जोडी."

"इथं?"

"सव्वादहा. एकाच गिरणीची. शिक्का पाहून घ्या."

"आन सदऱ्याचं कापड?"

"थे तर इथंच महाग हाये," किसनराव मधेच म्हणाले. "तथी पावणेदोन, इथं चिठ्ठीवर एक पंच्याऐंशी. मलेही वाचता येते."

देवमननं कोपऱ्यातला जुना वाराचा गज काढला आणि मीटरच्या पट्टीशेजारी मांडला. एका टोकाला दोन्ही सारख्या लावल्या. दुसऱ्या टोकाला मीटर तीन इंचांहून जास्त पुढं गेला. "शेट वारानं सांगते, आमी मीटरनं. इथलं कापड वारावर आणलं तर एक सत्तरच्याही आत येते."

किसनरावांनी दोन्ही पट्ट्या उचलून पाहिल्या, उलट्या करून पाहिल्या, जणू सरकारनं त्यांत काही लपवलं असावं. रुख्मिणी पट्ट्यांकडं पाहतही नव्हती. तिचे ओठ हलत होते. धोतरं किती, सदरे किती, हे तिला पाठ होतं.

"म्हणजे लुगड्यात एक रुपया सोडला," ती म्हणाली, "आन धोतरात काढून घेतला."

"शेट फेटा देनार हाये," किसनराव म्हणाले.

"फेटा त्याच धोतरातून. व्याह्याले फेटा, आन त्याचे पैसे तुमचे."

आत्या खुदकन हसली. किसनराव चिडून बाहेर विडी ओढायला गेले.

त्यानंतर तासभर रुख्मिणीनं बस्ता केला. सगळी धोतरं, सदऱ्यांचं कापड, चोळ्यांचे खण, चादरी. खुशालभाऊ स्वतः थप्प्या उतरवत होते, त्यांचा चेहरा हळूहळू परत हसरा झाला. पण शेवटी नवरीच्या लुगड्याशी आल्यावर तिनं ते बाजूला सारलं.

"हे नको. हे अकोल्याहून घेतो. साडेचौदाले."

खुशालभाऊंनी लुगड्याची घडी पुन्हा घातली. देवमनच्यानं मात्र राहवलं नाही.

"बाई, एकटं लुगडं त्या भावात भेटनार नाही. थो भाव बस्त्याचा होता."

"तुले काय मालूम?"

"मी एकटं लुगडंच इचारलं होतं."

"तू इचारलं," रुख्मिणी म्हणाली. ती रागानं म्हणत नव्हती, हिशेब सांगावा तशी म्हणत होती. "मी इचारून पाहतो."

ती म्हणत होती ते शक्य होतं. तिच्या नावानं त्यानं प्रयोग केलाच नव्हता, करताही येणार नव्हता.

गठ्ठे मोटारीवर चढले. आत्यानं साडेपंधरा मोजून आपलं लुगडं घेतलं आणि चिठ्ठीही मागून घेतली. "ह्याचं काय करतं?" देवमननं विचारलं. "काही नाही. राहू दे संगं," ती म्हणाली.

दुकान रिकामं झाल्यावर खुशालभाऊ बोर्डाखाली जाऊन उभे राहिले. "माल गेला, हे खरं," ते म्हणाले. "पण उद्या सारे लोकं लुगड्याचाच भाव घेऊन येतील, आन धोतराचा कोनी सांगनार नाही. अठराचं मले काहून नाही सांगतलं?"

देवमन उरलेल्या थप्प्या सारख्या करू लागला. खुशालभाऊंनी पुन्हा विचारलं नाही.

"सोमवारी पाहू. बोर्डाचं आन तुहं."

रविवार त्याला संपता संपेना. वडिलांनी विचारलं नाही, आईनं ताटात भाकरी जास्त वाढली. तो स्टेशनवर जाऊन अकोल्याच्या गाड्या येताना-जाताना पाहत बसला. रुख्मिणीबाई एकटीनं गेली असेल, शेट उठून उभा राहिला असेल, लुगडं उलगडलं असेल. मग त्यानं काय आकडा सांगितला असेल? साडेचौदा म्हटलं असेल तर भाव माणसाचा. सोळा म्हटलं असेल तर भाव बस्त्याचा. नोकरी जाईल ती जाईल, पण हे कळायला पाहिजे होतं. नोकरीच्या काळजीत हा प्रश्न कसा घुसतो, ह्याचंच त्याला नवल वाटलं, आणि डोक्यातून दोन्हीही जाईनात.

सोमवारी दुपारी दर्यापूरची मोटार थांबली आणि रुख्मिणी एकटी उतरली. ती सरळ लुगड्यांच्या थप्पीकडं गेली, तेच लुगडं काढलं, चिठ्ठी पाहिली आणि गल्ल्यावर साडेपंधरा ठेवले. खुशालभाऊंनी देवमनकडं पाहिलं. देवमन घडी घालत होता, कागद लावत होता, सुतळी शोधत होता. सुतळी समोरच होती.

"बाई," तो शेवटी म्हणालाच, "कितीले म्हणला शेट?"

"भाव सांगतलाच नाही."

"म्हणजे?"

"लुगडं खाली ठेवून मले म्हणते, बाकीचा बस्ता कुठं केला?" रुख्मिणी लुगडं काखेत धरत म्हणाली. "त्याच्याकडं इतकी वर्षं गेलो, मले अजून कोनी असं नव्हतं इचारलं. मी म्हणलं, तुले काय करायचं? थो म्हणे, मंग सांगतो भाव. मी उठली."

ती गेली. देवमन गल्ल्याशी तसाच उभा राहिला. त्याला आकडा पाहिजे होता आणि आकडा मिळाला नव्हता. तरीही एक गोष्ट जागेवर बसली: शेटनं ह्या वेळी तिलाही आधी विचारलं होतं, भाव मग.

"शिडी आन," खुशालभाऊ म्हणाले.

त्यानं शिडी आणली. भिंतीला लावताना ती दोनदा सरकली. खुशालभाऊंनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश त्याच्या हातात दिला.

"खालची ओळ पूस. वरची राहू दे."

देवमन चढला. स्वतःच्या अक्षरांवर रंग फिरवू लागला. 'अकोल्यात' झाकलं गेलं, 'स्वस्त' झाकलं गेलं. ओल्या रंगाखालून काळं अक्षर पुन्हा दिसू लागलं, तसा तो परत परत हात मारत राहिला. खालून खुशालभाऊ बघत होते.

"भाऊ," त्यानं वर पाहतच विचारलं, "माहं?"

"तुहं काय?"

"तुमी म्हणले होते, दोघंही खाली."

खुशालभाऊंनी शिडीचा पाय नीट दाबून धरला. "अजून दिसून राहिलं," ते म्हणाले. "वाळलं की उद्या दुसरा हात देजो. आन नंतर गाठी फोडायच्या हायेत. तथी कागद हाये, धोतरांचे भाव तूच लिही. अकोल्याले इचारू नको."